पट्टा सैल केला तेव्हा

लोणावळ्याच्या भाजीबाजारात मला बघून लहान मुलं आईच्या पदराआड लपायची, अशी काही वर्षं माझ्या आयुष्यात गेली. दिसायला मी काही वाईट नव्हते. थोडी आडव्या अंगाची होते, दंड मजबूत होते, पण तसे माझ्या माहेरच्या, कान्ह्याकडच्या सगळ्याच बायकांचे असतात. मुलं घाबरायची ती माझ्या हातांना. बाजारपेठेच्या मागच्या अंगाला एका धर्मादाय संस्थेचा आठ खाटांचा दवाखाना होता. तिथे मी आयाबाई होते. झाडलोट, भांडीकुंडी, चादरी सगळं करायचे, पण माझं खरं काम एकच होतं, मुलं धरणं.

धरणं म्हणजे काय ते नीट सांगायला हवं, कारण आताच्या लोकांना ते खरं वाटायचं नाही. झाडावरून पडलेलं, बांधावरून घसरलेलं मूल हात मोडून यायचं. हाड ओढून जागेवर बसवल्याशिवाय गत्यंतर नसायचं. एकानं पाय धरायचे, एकानं कंबर, आणि मी खांदे आणि डोकं. मोठे डॉक्टर, म्हणजे आमचे मुख्य, वय झालेले, जाड चष्म्याचे, ते मुलाला म्हणायचे, "मी तीन म्हटलं की ओढतो हं बाळा. एक, दोन..." आणि दोनलाच ओढायचे. त्यात त्यांची दयाच होती. तीनची वाट बघताना मूल अंग ताठ करतं, दोनला ते बेसावध असतं. त्यानंतरची किंकाळी कोपऱ्यावरच्या चिक्कीच्या दुकानापर्यंत जायची.

गुंगीचं औषध नव्हतं का? होतं. क्लोरोफॉर्मची बाटली कपाटात वरच्या फळीवर होती आणि तिच्यावर धूळ बसली होती. मोठ्या डॉक्टरांच्या उमेदीच्या काळात एक मूल त्या बाटलीनंतर उठलंच नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. त्याबद्दल बोलायचं नाही, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. "पोरं रडतात, पण विसरतात," असं ते म्हणायचे. मीही ते मानत होते. मानलं नसतं तर दुपारची भाकरी घशाखाली उतरली नसती.

खरं तर हातच्या काकणाला आरसा कशाला? विसरत असती तर बाजारात लपली असती का?

धरायचं एक तंत्र असतं. मुलाच्या तोंडाकडे बघायचं नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचं. कान बंद करायचे. ते जमतं, सवयीनं. आणि काहीही झालं तरी सोडायचं नाही. एका बेकरीवाल्याच्या मुलानं माझ्या डाव्या मनगटाला असा कडकडून चावा घेतला की तो व्रण अजून आहे. मी सोडलं नाही. मोठे डॉक्टर तेव्हा म्हणाले, "धरावं तर हिनं!" मला अभिमान वाटला होता. आज लिहिताना त्या अभिमानाची लाज वाटते.

अशी सहा वर्षं गेली. साठचं दशक संपत आलं होतं, तेव्हा पुण्याहून एक तरुण डॉक्टरीणबाई आमच्याकडे आल्या. किडकिडीत, वेणीचा अंबाडा घातलेल्या. दुपारी आमच्याबरोबर मागच्या पायरीवर बसून डबा खायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला एक मूल धरताना बघितलं. नंतर हात धुताना त्यांनी नळ बराच वेळ चालू ठेवला. आमच्याकडे पाण्याची नासाडी खपवून घेत नसत, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं.

पंधरा दिवसांनी त्यांनी मोठ्या डॉक्टरांपुढे एक नवी पद्धत मांडली. बरीच वादावादी झाली. शेवटी मोठे डॉक्टर म्हणाले, "मूल जागं राहणार असेल तर करा. मला झोपलेलं मूल नको." मग बाईंनी मला बोलावून समजावलं. मी वलवणला, धरणाजवळ राहते हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्या म्हणाल्या, "तुमचं धरण आहे ना, तसंच समज. दंडावर रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा बांधून हवा भरायची, म्हणजे धरणाची दारं बंद. मग हाताच्या शिरेतून औषध सोडायचं. दात काढताना हिरडीत देतात तेच, पातळ करून. ते दारांच्या खालीच राहतं आणि सगळा हात बधिर करतं. मूल जागंच असतं, पण हात त्याचा नसतो."

"आणि वर गेलं तर?" मी विचारलं.

"म्हणून तर तुला बोलावलंय. वर, काळजात आणि मेंदूत, ते एकदम जाता कामा नये. हाड दोन मिनिटांत बसलं तरी पट्टा निदान अर्धा तास सोडायचा नाही. तेवढ्या वेळात औषध मांसात मुरतं." मग माझ्या दंडांकडे बघून त्या हसल्या. "काहीही झालं तरी सोडायचं नाही, हे काम तुला येतंच की."

पहिला आला रेल्वेच्या गँगमनचा सात वर्षांचा मुलगा. बाईंनी त्याचा हात थोडा वेळ वर धरून ठेवायला सांगितला, म्हणजे रक्त खाली उतरावं. मग पट्टा फुगवला, पारा वर चढला, औषध हळूहळू गेलं. हातावर पांढरे-लाल चट्टे उमटले. पोरगा आपल्याच बोटांकडे टकमका बघत होता. मी सवयीनं खांद्याशी जाऊन उभी राहिले. मोठ्या डॉक्टरांनी मनगट धरलं, "एक, दोन..." आणि सवयीप्रमाणे ओढलं. हाड बसल्याचा आवाज आला. मी डोळे मिटून घेतले होते.

"तीन कधी म्हणणार?" पोरगं विचारत होतं.

सगळे हसले. मीही हसले. माझे दोन्ही हात हवेत तसेच होते आणि त्यांत धरायला काही नव्हतं. नंतर मी मोरीत गेले, बादली उपडी घालून तिच्यावर बसले आणि रडले. का ते त्या वेळी मला सांगता आलं नसतं. आज सांगते. ज्या मुलांना मी सहा वर्षं धरलं, त्या सगळ्यांचं असं होऊ शकलं असतं, म्हणून.

त्या उन्हाळ्यात सहा-सात मुलांचे हात आम्ही असे बसवले. पाऱ्यावर नजर ठेवायचं काम माझं. यंत्र जुनं होतं, हवा थोडी थोडी गळायची, म्हणून मधून मधून फुगा दाबावा लागायचा. मुलं माझ्याशी बोलायची. मी त्यांच्या तोंडाकडे बघायला लागले. इतकी वर्षं बंद ठेवलेले कान मी माझ्याही नकळत उघडले होते. त्याचा काय परिणाम होईल, हे मला कुठं कळत होतं?

जूनच्या सुरुवातीला, जांभळं पिकली होती तेव्हा, टाकव्याच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे, तिथली नऊ वर्षांची पोर आली. जांभळाच्या फांदीचा भरवसा नसतो. वरून दणकट दिसते आणि कडकन मोडते. पोरीच्या हाताची दोन्ही हाडं मोडून हात पळीसारखा वाकला होता, बोटं गार पडत चालली होती. ओठ मात्र अजून जांभळे होते, जांभळं खाऊन. आई-बाप वीटभट्टीवर गेले होते, म्हणून आजोबाच तिला बैलगाडीतून कान्हे स्टेशनला आणि तिथून गाडीनं लोणावळ्याला घेऊन आले होते. त्यांनी हाताला कामट्या लावून इतकं सफाईनं बांधलं होतं की मोठे डॉक्टरही म्हणाले, "आबा, बांधलंय मात्र झकास."

"बांधायचंच काम हाय माजं," आबा म्हणाले. "वाडीत पान लागलं की मलाच बोलावत्यात." पान लागणं म्हणजे साप चावणं. रात्रीबेरात्री त्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून पडलेला शब्द, तो दिवसाही तसाच चालायचा. पाच गावांत साप चावलेल्या माणसाचा पाय आवळून बांधायला आबांना बोलावणं यायचं. त्यात फुशारकी नव्हती, सुतारानं सुतार म्हणावं तसं त्यांनी सांगितलं.

पोरीला एकटं सोडायला ते तयार होईनात. बाईंनी त्यांना तिच्या उशाशी स्टुलावर बसू दिलं. तसं कधी करत नसत. पट्टा फुगवला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून तीन मिनिटं झाली होती. ते मी बघून ठेवलं होतं. औषध गेलं. पोर म्हणाली, "मुंग्या आल्या." मग म्हणाली, "गेल्या." हाड बसलं, प्लास्टर चढलं, पोरीनं हूं की चूं केलं नाही. आबा नुसते बघत राहिले. नातीचा हात मोडक्या फांदीसारखा ओढला जात होता आणि ती त्यांना विचारत होती, "आबा, माजी जांबळं कुनी उचलून ठिवली का?"

इतक्यात एक अडलेली बाई आली. बैलगाडीतच पाणी गेलेलं. दोघेही डॉक्टर पलीकडच्या खोलीत धावले. जाताना डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "अकरा पस्तीसपर्यंत हात लावायचा नाही. मीच येऊन सोडेन." तेव्हा सव्वाअकरा झाले होते.

दोन-तीन मिनिटं बरी गेली. मग पोर म्हणाली, "मावशी, वर दुकतंय." पट्ट्याखालचं दुखत होतं. तसं ते दुखतंच, बराच वेळ आवळून ठेवलं की. बाईंनी मला ते आधी सांगितलं होतं. मी म्हटलं, "थोडा वेळ गं बाळा." ती गप्प राहिली, पण डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहायला लागलं. आवाज न करता रडत होती. शेकडो किंकाळ्या ऐकल्या असतील मी, पण असं रडणं मला ठाऊक नव्हतं.

"बाई," आबा उठले. "बोटं बगा की. नखं काळी पडाय लागली. लय येळ झाला. वाईच ढिली करा, मंग परत आवळा."

"नाही आबा. डॉक्टरांनी सांगितलंय."

"त्यांचं खरं. पन हात मरंल तिचा. माज्या सख्ख्या भावाला बांदलं व्हतं म्या, पयल्या येळंला. न कळत्या वयात. मदी सोडायचं ठावं नव्हतं. इख उतरलं, पन पाय गेला त्याचा. कुजला. लाकडाच्या कुबडीवर चालला मरस्तवर."

आता हे मी त्यांच्याकडून ऐकलं नसतं तरी मला माहीत होतं. आमच्या कान्ह्यात शेजारच्या आळीत असाच एक पाय गेलेला म्हातारा होता, आणि लहानपणापासून आमच्या कानांवर एकच होतं, बांधलेलं मधून मधून सोडावं, नाही तर अवयव मरतो. डॉक्टरीणबाईंचा शब्द माझ्याजवळ तीन महिन्यांचा होता. हा शब्द माझ्या जन्माबरोबर आलेला. तरीही मी दाराकडे बघितलं. पलीकडे ती अडलेली बाई कण्हत होती, तिकडून कुणी येणार नव्हतं. पोर म्हणाली, "मावशी, वाईच सोड ना."

मी सोडलं. वाईचच सोडायचं होतं. फुग्याची मळसूत्राची चावी अर्धा फेरा फिरवली, पण यंत्र जुनं, पारा सर्रकन तळाला गेला. पोरीनं मोठा श्वास सोडला, माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "बरं वाटलं." मलाही बरं वाटलं. ते बरं वाटणं मी कधी विसरणार नाही.

मग ती म्हणाली, "मावशी, रातकिडं लय वराडत्यात."

भर सकाळी कुठले रातकिडे? मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती काही तरी सांगत होती, पण जीभ वळत नव्हती. डोळे एका बाजूला गेले. मी चावी आवळली, फुगा दाबत सुटले, पारा वर चढवला, पण धरणाचं पाणी निघून गेलं होतं. पोरीचं सगळं अंग ताठ झालं आणि झटके यायला लागले. मी ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही.

बाई धावत आल्या, हात तसेच ओले. त्यांनी पोरीची मान मागे केली, प्राणवायूचा मुखवटा लावला, दुसऱ्या हाताच्या शिरेतून झटके थांबवायचं इंजेक्शन दिलं. ओठ आता खरोखरच जांभळे झाले होते. मी सिलिंडरची चावी फिरवत होते. पलीकडे बाळ रडलं, आणि मोठे डॉक्टर दारात येऊन भिंतीला टेकून उभे राहिले. ते या पोरीकडे बघत नव्हते. त्यांना दुसरंच कुठलं तरी मूल दिसत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

झटके थांबले. छाती वर-खाली व्हायला लागली. ओठांवर रंग आला. बाईंनी नाडी धरून ठेवली आणि कितीतरी वेळानं म्हणाल्या, "आहे. ठीक आहे. झोपलीय." आणि मग मान वर करून विचारलं, "पट्टा कुणी सोडला?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"म्या सोडला," आबा म्हणाले. त्यांनी हात जोडले. "मला वाटलं हात जातो."

आणि मी गप्प बसले. याला मी दुसरा शब्द शोधत नाही. मला नोकरी होती, घरी दोन तोंडं होती, हे सगळं खरं, पण त्या क्षणी मी भ्याले होते आणि गप्प बसले, इतकंच.

मोठे डॉक्टर कडाडले. "बास झाली ही थेरं! पुण्यात चालत असतील. इथे ही अडाणी माणसं, यांच्या हाताशी असली औषधं? उद्यापासून जुनं तेच. धरायचं आणि ओढायचं. रडली तर रडली, मरत तरी नाहीत." बाई पुन्हा पोरीची नाडी बघायला लागल्या. आबांना खोलीबाहेर काढलं आणि घरी न्यायच्या दिवसापर्यंत पोरीजवळ फिरकायचं नाही, असं बजावलं.

दुपारी पोर जागी झाली. स्वच्छ बोलली. पहिला प्रश्न, "आबा कुटं हाय?" मला सांगितलं होतं तसं मी म्हटलं, "चहा प्यायला गेलेत." खिडकीतून मला आबा दिसत होते. व्हरांड्याच्या पायरीवर, उन्हात, आमच्याकडे पाठ करून बसलेले. तासाभरानं पोरीनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा चहा सांगितला. तिसऱ्यांदा तिनं विचारलं, "किती च्या पितोय त्यो?" आणि माझ्यानं राहवलं नाही.

बाई टेबलाशी बसून पोरीचे कागद लिहीत होत्या. मी म्हटलं, "नातेवाइकानं सोडला असं लिहिलं असेल तर ते खोडा. मी सोडला."

त्यांनी पेन खाली ठेवलं. रागानं त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "तुला काय सांगितलं होतं मी?"

"सोडायचं नाही."

"मग?"

"रडत होती," मी म्हटलं.

त्यांनी लिहिलेली ओळ खोडली. मीच मनात पुढचं बोलले. सहा वर्षं जी रडली, त्यांच्यातल्या एकालाही मी सोडलं नाही. आणि जिथं सोडायचं नव्हतं तिथं मला दया आली.

त्या उठून व्हरांड्यात गेल्या, मी मागोमाग. "आबा, खोटं का बोललात?"

आबांनी माझ्याकडे बघितलं, मी सांगितलंय हे त्यांना कळलं. "खोटं कुटं, बाई? हात हिचा व्हता, अक्कल माजी. मला हितनं कोन काडनार? हिची भाकर गेली असती." मग म्हणाले, "पोटची न्हाई, तरी पोरीचं आयकलं तिनं."

बाई त्यांच्याशेजारी पायरीवर बसल्या, डबा खायला बसायच्या तशाच.  मग विचारलं, "साप चावलेल्याचं बांधलेलं तुम्ही सोडता कसं?"

"एकदम न्हाई सोडायचं. वाईच सोडायचं, लगीच आवळायचं. बगायचं. परत वाईच सोडायचं. आन् माणसाला निजू द्यायचं न्हाई, बोलाय लावायचं. दावनीची गुरं मोज म्हनायचं, येकयेक, रंगासकट. जीब अडाकली, गाय चुकली, की समजायचं वर चडलं. सोडायचं थांबायचं, आवळून धरायचं."

"परत सांगा," बाई म्हणाल्या. आबांनी परत सांगितलं. बाई म्हणाल्या, "सोडायचं आणि आवळायचं, हे मी वाचलं होतं, आबा. वाचलं होतं आणि घाईत एकदमच सोडत होते. आणि मूल शांत पडलं की मला बरं वाटायचं. बोलायला लावायचं माझ्या डोक्यातच आलं नाही."

"येळ चुकली माजी," आबा म्हणाले. "सापाचं इख भाईरनं येतं. तुमी तर सोताच्या हातानं घालता. त्याला येगळा येळ आसनार, हे कळाय पायजे व्हतं मला."

त्या संध्याकाळी बाई मला मोठ्या डॉक्टरांपुढे घेऊन गेल्या. मी सगळं सांगितलं. आता घरी जा म्हणतील, म्हणून मी पदर खोचून तयारच होते. ते खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "तू बोललीस तरी." आणि पुढे, आम्हाला नव्हे, खिडकीला सांगितल्यासारखं, "मी तेव्हा कंपाउंडरवर ढकललं होतं."  इतक्या वर्षांची बाटलीवरची धूळ मला तेव्हा समजली.

"चालू ठेवा," ते शेवटी म्हणाले. "पण पट्ट्यापाशी ही नको. आणि त्या म्हाताऱ्याला आत घ्या."

आबा आत आले तेव्हा पोरीनं विचारलं, "किती कप पिलास?"

महिनाभर माझ्याकडे प्लास्टरच्या बादल्या घासायचं काम होतं. कुरकुर करायला मला तोंड नव्हतं. नंतर बाईंनी मला पुन्हा खोलीत घेतलं, पण पट्टा स्वतःकडे ठेवला. मला उशाशी स्टुलावर बसवलं. "मुलाला बोलतं ठेवायचं, जीभ ऐकायची," म्हणाल्या. मग पुढे कितीतरी वर्षं मी ते केलं. खेडेगावातली मुलं शेळ्या मोजायची. खंडाळ्याकडची रेल्वेवाल्यांची पोरं घाटातले बोगदे मोजायची. चिक्कीवाल्याच्या मुलीनं बापाच्या दुकानातल्या बरण्या मोजल्या, एक कमी भरली म्हणून रडायला लागली. माझ्या काळजाचं पाणी झालं, पण ती बरणी खरोखरच त्या सकाळी फुटली होती. बाजारात मुलं लपायची हळूहळू थांबली.

पण ते नंतरचं. सहा आठवड्यांनी, आषाढात, धुकं दाराच्या आत येत होतं तेव्हा, ती पोर प्लास्टर काढायला आली. आबा डोक्यावर इरलं घेऊन, हातात फोडशीच्या भाजीच्या दोन जुड्या. पोर स्वतःच टेबलावर चढून बसली, तेच टेबल, आणि मी लांब उभी राहिले. तिला काय म्हणायचं ते मी सहा आठवडे घोकत होते. बाईंनी कात्री घेतली आणि मला म्हणाल्या, "ये, हात धर." मी पुढे झाले आणि धरला. प्लास्टर उकललं. आतला हात बारीक झालेला, कातडी सुटलेली, पण सरळ. अगदी सरळ. तिनं पाची बोटं हलवून दाखवली.

मग आबांना म्हणाली, "हीच ती मावशी. म्या रडले तवा हिनंच सोडलं."

आबा जमिनीकडे बघायला लागले. घोकलेलं सगळं माझ्या डोक्यातून गेलं. मी म्हटलं, "सोडायचं नव्हतं गं बाळा. चुकलं माझं. त्यानंच तुला झटके आले, तू जाणार होतीस."

तिनं जरा विचार केला. "त्ये मला ठावं न्हाई," ती म्हणाली. "दुकायचं थांबलं, त्येवडं ठावं हाय."

आणि तो बारीक झालेला हात तिनं माझ्या हातातून काढून घेतला नाही.